टांगा आणा, अक्का

मंगळवार पेठ, सोलापूर
१९ जानेवारी १९३६

गोजाबाई यांस,

हे पत्र तुम्हाला कोण वाचून दाखवील ते मला नक्की ठाऊक नाही. घोंगडी विकायला आलेल्या माणसानं सांगितलं, की सांगोल्याकडच्या तुमच्या वस्तीवर ज्ञानबा मास्तर आहेत आणि सगळ्यांची पत्रं तेच वाचतात. तेव्हा मास्तर, आधी तुम्हाला नमस्कार. सावकाश वाचा.

मी चंद्रव्वा. रेल्वेच्या कंत्राटदारांची थोरली मुलगी, पुण्याच्या कॉन्व्हेंटात शिकून आलेली. तुम्ही मला ‘मडमीण अक्का’ म्हणायचात. आता चोपन्न वर्षांची झाले. वडील गेले. घरात मी आणि गौरा.

गौरा म्हणजे आमच्या नीलव्वाची मुलगी. तुमच्याच हातावर आलेली. मी तिची मावशी, पण आमच्या कानडी घरात आईच्या थोरल्या बहिणीला दोडव्वा म्हणतात, मोठी आई. तशी तीही मला दोडव्वाच म्हणते. गेल्या वर्षी तिचं लग्न झालं. जावई रुद्रप्पा गिरणीत टाइमकीपर आहेत, सरळ माणूस. गौराला आता सातवा लागला आहे. चैत्रात दिवस भरतील. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं आणि तिचं माहेर म्हणजे मीच.

डॉक्टरीणबाईंना दाखवलं. त्या म्हणाल्या, सगळं ठीक आहे. जाणती बाई जवळ असेल तर घरी होऊ द्या, नाहीतर आमच्याकडे या. गौरा म्हणते घरीच. तेही आडाकडच्या खोलीत, जिथं ती स्वतः जन्मली. मी दुसरी खोली सुचवली, हवेशीर आहे म्हटलं. ती म्हणाली, “आई त्या खोलीत होती ना? मग मीपण तिथंच.”

ती खोली मी रोज झाडून घेते. बसत मात्र नाही तिथं. गिरणीचा दुपारचा भोंगा झाला की आतून पेटीचं झाकण कुणी हलकेच टेकवल्यासारखा आवाज येतो. उंदीर असेल.

गोजाबाई, तुम्ही याल का? रुद्रप्पा स्वतः तुम्हाला न्यायला येतील. मागचं सगळं मनात ठेवू नका, एवढीच विनंती.

तुमची,
चंद्रव्वा


मंगळवार पेठ, सोलापूर
५ फेब्रुवारी १९३६

गोजाबाई यांस,

तुमचं उत्तर मिळालं. मास्तरांनी तुमचा शब्द जसाच्या तसा उतरवला, त्याबद्दल त्यांचे उपकार. वाचताना तुमचा आवाज ऐकू आला.

“मास्तर, हे पत्र दुसऱ्या कुना गोजाबाईचं असंल. मला कोन तुमी म्हनत न्हाय. सोलापुरात तर न्हायच न्हाय.” हे वाचून मी आधी हसले. खरं आहे. माझ्या वडिलांच्या वयाचा गडी असो की तुमच्यासारखी बाई, पेठेत आम्ही सगळ्यांना अरेतुरेच केलं. कॉन्व्हेंटात मदर आम्हाला झाडूवालीलाही ‘प्लीज’ म्हणायला लावायच्या. घरी परत आले तेव्हा ते तिथंच राहून गेलं.

तुम्ही लिहिलंत की आता बाळंतपणं करत नाही, शेळ्या राखता. “शेळीचं बाळंतपन सोपं. तिची भईन कायबाय सांगत न्हाय मागनं.”

आणि शेवटी विचारलंत, “पोरीला ठावं हाय का मी कोन?”

तिला तुमचं नाव ठाऊक आहे. लहानपणापासून ऐकत आली आहे. कसं ऐकत आली ते मी सोबतच्या दुसऱ्या कागदावर लिहिलं आहे. तो घडी घालून चिकटवला आहे. मास्तर, तो कागद कृपा करून बाईंना एकट्यांनाच वाचून दाखवा आणि चुलीत टाका.

दिवस जवळ येताहेत. गौरा चालताना कमरेवर हात ठेवते, अगदी नीलव्वासारखा, पालथा. तिनं आईला कधी पाहिलं नाही. मग हे शिकली कुठून?

चंद्रव्वा


मंगळवार पेठ, सोलापूर
२० फेब्रुवारी १९३६

गोजाबाई यांस,

तुम्ही माझा चिकटवलेला कागद न उघडता परत पाठवलात आणि वेगळं कार्ड टाकलंत. उघडं कार्ड. ते आधी पोस्टमननं वाचलं, मग शेजारच्या सुंदरम्मानं. माझ्या हातात ते तिनंच दिलं आणि कमरेवर हात ठेवून विचारलं, “अय्यो, ही गोजाबाई कोण हो? तुम्हाला ‘चोरावानी लिवू नका’ म्हणते, आणि तुम्ही ऐकून घेता?”

“ऐकून घेते,” मी म्हटलं.

“मग बाई मोठीच असणार,” सुंदरम्मा म्हणाली.

कार्डावर तुमचं म्हणणं होतं: “घडी नगं. पारावर धा मान्सांत वाचलं तरी चालंल असं लिवा. मी धा मान्सांतच ऐकलं व्हतं.”

तेव्हा आता लिहिते. मास्तर, गाळू नका.

कॉन्व्हेंटात शनिवारी ख्रिस्ती मुली एका लाकडी पेटीपाशी गुडघे टेकून जाळीपलीकडच्या पाद्र्याला आपली पापं सांगायच्या. आम्हा हिंदू मुलींना तिथं जायची परवानगी नव्हती. मी मागच्या बाकावर बसून बघायची. बाहेर येताना त्यांचे चेहरे हलके झालेले असायचे. मला हेवा वाटे. सांगण्यासारखं काही नव्हतं तेव्हा, तरी.

१९१८ साल. आश्विन. मानमोडीचा ताप शहरभर पसरलेला. आमच्या गल्लीतून रोज कुणी ना कुणी जात होतं. नीलव्वाला पहाटे कळा सुरू झाल्या आणि तुम्हाला बोलावलं. तुम्ही आलात, पदर खोचलात, राखेनं आणि कढत पाण्यानं कोपरापर्यंत हात धुतलेत. हे मुद्दाम लिहिते, कारण पुढं लोक तुमच्या हातांबद्दलही बोलले.

सकाळचा भोंगा झाल्यावर तुम्ही खोलीबाहेर येऊन मला दोन गोष्टी सांगितल्यात. “अक्का, घरातली समदी कुलपं काडा, झाकनं उगडा, गाठी सोडा. आन् टांगा आना. मूल आडवं हाय. हे माज्या एकलीच्या हातातलं न्हाय. दवाखान्यात न्हेऊ.”

पहिली गोष्ट मी केली. दुसरी केली नाही.

अडलेल्या बाईसाठी घरातली कुलपं काढायची या रीतीला मी किती हसले होते! शेजारच्या बाळंतपणात तुमच्या तोंडावर म्हटलं होतं, “गोजा, पोट काय कपाट आहे का?” आणि त्या दिवशी मीच किल्ल्यांचा जुडगा घेऊन घरभर धावत होते. वडिलांची कागदांची पेटी, माझी ट्रंक, कणगीचं झाकण, कुंकवाचा करंडा, शाईची दौत. नीलव्वाची वेणी सोडली. हाताला करण्यासारखं काहीतरी मिळालं होतं. माडीवरची कुलपं काढताना खिडकीतून खाली पाहिलं. कोपऱ्यावर टांगा उभा होता. घोडा तोबऱ्यात तोंड घालून चंदी खात होता. मी खिडकीची कडीही काढली आणि खाली आले.

तुम्ही पुन्हा म्हणालात, “टांगा आला का?”

मी म्हटलं, “तिथं तापाची माणसं जमिनीवर निजवली आहेत. आत गेलेलं माणूस परत येत नाही. इथंच काय ते कर.”

“अक्का, मी काय देव हाय व्हय?”

तिसऱ्यांदा तुम्ही ओरडूनच म्हणालात, “टांगा आना, अक्का!” आणि मी दाराशी तशीच उभी राहिले, म्हणून हळू आवाजात म्हणालात, “बरं. तुमच्या म्हन्न्यावर. पर मी सांगितलंया.”

मूल शेवटी तुम्हीच वळवलंत. गौरा आली, रडली. त्यानंतर नीलव्वाचं रक्त थांबेना. दुपारचा भोंगा झाला तेव्हा ती माझ्याकडे बघत होती. भोंगा थांबला तेव्हा बघत नव्हती.

वडील दौंडहून संध्याकाळी आले. अंगणात माणसं जमली होती. त्यांनी विचारलं, “दवाखान्यात का नेलं नाही?”

मी म्हटलं, “सुईण काही बोललीच नाही. नुसती कुलपं उघडायला लावत बसली.”

यातलं अर्धं खरं होतं, आणि ते अर्धं सगळ्यांना दिसत होतं. घरभर पेट्या उघड्या पडल्या होत्या. तुम्ही आडावर हात धूत होतात. तुम्ही ऐकलंत. वर पाहिलं नाहीत.

पुढचं तुम्हाला माझ्याहून जास्त ठाऊक. पोरं तुमच्यामागे ‘कुलूपवाली, कुलूपवाली’ ओरडत जायची. वर्षभरात पेठेतलं एकही दार तुम्हाला उरलं नाही. तुम्ही सोलापूर सोडलंत हे मला तेव्हाच कळलं होतं. मला सुटल्यासारखं वाटलं, हेही लिहिते.

गौराला मी हेच सांगत आले, की तुझी आई एका अडाणी सुईणीमुळं गेली. आता तिनं विचारलं तर काय सांगू, असं तुम्हाला विचारणार होते. विचारत नाही.

चंद्रव्वा


मंगळवार पेठ, सोलापूर
११ मार्च १९३६

गोजाबाई यांस,

मास्तरांनी लिहिलंय की पत्र ऐकून तुम्ही उठून शेळ्यांकडे गेलात, आणि दुसऱ्या दिवशी परत येऊन एवढंच लिहायला सांगितलंत: “मला सांगितलंस ते ऱ्हाऊ दे. मला ठावंच व्हतं. पोरीला सांग. ती हो म्हनली तर येते.”

तुम्ही मला ‘तू’ म्हणालात. ते वाचून मला बरं वाटलं.

गेल्या आठवड्यात एका दुपारी गौराला सांगितलं. ती बाळासाठी कुंची शिवत होती. टाके माझ्याचसारखे घालते, बारीक, मदरनी मला शिकवलेले. मी म्हटलं, “गौरा, गोजाबाईंना बोलावते आहे.”

तिनं मान वर केली. “कुठली गोजाबाई?”

“तीच.”

“तुला वेड लागलंय का दोडव्वा? जिनं आईला मारलं तिला माझ्या उशाशी बसवणार?”

मग मी सांगितलं. तुम्हाला लिहिलं तसंच, त्याच क्रमानं. मधे दोनदा सोपं करून सांगावंसं वाटलं. टांगा मिळत नव्हता असं म्हणावंसं वाटलं. म्हटलं नाही.

ती शिवतच राहिली. दोरा संपला तेव्हा थांबली. मग म्हणाली, “म्हणजे ती बाई टांगा आण म्हणत होती, आणि तू पेट्या उघडत होतीस.”

“हो.”

“किती वेळा म्हणाली?”

“तीनदा.”

“आणि मी तिला शिव्या देत मोठी झाले.”

तेवढ्यात सुंदरम्मा सारूची, आंबट पातळ आमटीची, वाटी घेऊन आली. “खा गं पोटुशी, तोंडाला चव येईल. मिरे घातलेत,” म्हणत होती. आमचे चेहरे पाहून वाटी तिथंच ठेवून मागं फिरली. सुंदरम्मा न बोलता परत जाते, यावरून तुम्ही काय ते समजा.

तीन दिवस गौरा माझ्याशी बोलली नाही. माझ्या हातचं खाते, भांडी घासून ठेवते, समोरून गेले तर पदर सावरून वाट देते, पाहुणीला द्यावी तशी. काल रुद्रप्पा आले तेव्हा माझ्या देखत त्यांना म्हणाली, “गोजाबाईंना घेऊन या. त्या असतील तर मी घरीच बाळंत होईन. आणि त्या आल्या की दोडव्वानं जायचं.”

रुद्रप्पा गोंधळले. “जायचं म्हणजे? कुठं?”

“कुठंही. त्या दिवशी घरात दोघींचा हुकूम नको. एकीचाच.”

पोरीचं बरोबर आहे. तिला मी ती एका दिवसाचीही नव्हती तेव्हापासून सांभाळलं, कापसाच्या वातीनं दूध पाजलं. तिच्या पहिल्या बाळंतपणाला मी घरात नसेन, हे मला आतून सोलून काढतंय. पण तिला टांगा लागला आणि मी दारात उभी असले तर? मी आता शहाणी झाले आहे असं मला वाटतं. तेव्हाही वाटत होतं.

अक्कलकोटला मामेभावाकडं जाते. तुम्ही या.

चंद्रव्वा


अक्कलकोट
२९ मार्च १९३६

गोजाबाई,

हे पत्र तुम्हाला आता गौरा वाचून दाखवील. म्हणून पेन हातात घेऊन सकाळपासून बसले आहे.

स्टेशनवर आपली गाठ पडली ती अशी पडेल असं मला वाटलं नव्हतं. तुम्ही कुर्डुवाडीच्या गाडीतून उतरत होतात, माझी गाडी सुटायची होती. काय बोलायचं ते मी महिनाभर ठरवत होते. तुम्ही मला खालपासून वरपर्यंत पाहिलंत आणि म्हणालात, “अक्का, क्यास लई पांडरं झालं की.”

“तुमचेही,” मी म्हटलं.

“माजं शेळ्यांनी केलं. तुमचं कुनी?”

मी उत्तर द्यायच्या आत शिट्टी झाली. रुद्रप्पांनी तुमचं गाठोडं उचललं. तुम्ही पाय ओढत चालता आहात हे मागून दिसलं. बाळंतिणीच्या खोलीत पाट आहे तो ठेंगणा आहे; माळ्यावर उंच चौरंग आहे, तो काढून घ्या, गुडघ्यांना त्रास होणार नाही.

शेपा आणि डिंक फडताळात वरच्या खणात. जुनी धुतलेली लुगडी मी उकळून, वाळवून पांढऱ्या चादरीत बांधून ठेवली आहेत. त्यातलं हिरव्या काठाचं नीलव्वाचं आहे. ते वापरायचं की नाही ते गौरानं ठरवावं. टांगेवाला येडू रोज सकाळपासून कोपऱ्यावर थांबेल असं रुद्रप्पांनी ठरवलं आहे. डॉक्टरीणबाईंनाही सांगून ठेवलं आहे. म्हणजे सगळं झालं. हे सगळं तुम्हाला ठाऊक आहे आणि मी तरी लिहिते आहे.

इथं दुपारी भोंगा नाही. मला वाटलं होतं, तो नसला की झाकणाचा आवाजही नसेल. पण येतो. इथं पेट्याही नाहीत, भाऊ कपडे दोरीवर टाकतो. तर उंदीर नव्हता तो.

गौराला सांगा, की लहानपणी ती ताप आला की माझं बोट धरून झोपायची. आता कुणाचं तरी बोट लागेल तिला. तुमचं द्या. आणि तुम्ही ‘उठा’ म्हणालात तर रुद्रप्पांनी अक्कलकोटला तार करून विचारत बसू नये. कुणालाच विचारू नये.

वाचून झाल्यावर गौरा काही म्हणाली तर मला कळवू नका. ते तुम्हा दोघींचं असू द्या.

चंद्रव्वा


अक्कलकोट
१२ एप्रिल १९३६

गोजाबाई,

रुद्रप्पांचं पत्र काल आलं. टाइमकीपरचंच पत्र ते, प्रत्येक ओळीत घड्याळ.

पहाटे कळा सुरू झाल्या. सात वाजता तुम्ही गौराला शिरा भरवलात. साडेआठला पाणी गेलं. नऊनंतर कळा मंद पडल्या. तुम्ही गौराच्या पोटावर हात ठेवून डोळे मिटून बसलात आणि नऊ वाजून चाळीस मिनिटांनी बाहेर येऊन म्हणालात, “जावईबापू, टांगा.”

“काही बिघडलंय का?” त्यांनी विचारलं.

“बिगडल्यावर सांगू व्हय? उटा.”

ते अनवाणीच धावले. सुंदरम्मानं मागून ओरडून विचारलं की घरी चांगलं चाललं होतं ना, मग दवाखाना कशाला. तुम्ही म्हणालात, “घरी करायचं म्हंजी घरीच मरायचं न्हवं, बाई.” टांग्यात गौराचं डोकं तुमच्या मांडीवर होतं. येडूनं घोडा दौडवला नाही, चालवला, कारण तुम्ही त्याला धक्के नकोत म्हणून दम दिला होता.

दुपारी साडेबाराला मुलगी झाली. डॉक्टरीणबाईंना चिमटा लावावा लागला. गौराचं रक्त पुष्कळ गेलं, पण तिथं औषध होतं, माणसं होती, थांबलं. बाई तुम्हाला म्हणाल्या की तुम्ही वेळेवर आणलंत. नर्स तुम्हाला आत सोडत नव्हती तेव्हा गौरा खाटेवरून म्हणाली, “त्या माझ्या आहेत.”

हे सगळं मी वाचलं आणि देवाचे आभार मानले. मग पुढची ओळ वाचली. घराच्या पायरीपासून दवाखान्याच्या पायरीपर्यंत तेरा मिनिटं लागली, असं रुद्रप्पांनी लिहिलं आहे. सहज लिहिलं आहे त्यांनी.

तेरा मिनिटं, गोजाबाई. घोडा चालत असताना.

अठरा वर्षं मी स्वतःला सांगत आले, की नेली असती तरी वाटेत गेली असती, की वेळ नव्हताच. सकाळच्या भोंग्यापासून दुपारच्या भोंग्यापर्यंत तेरा मिनिटं किती वेळा बसतात याचा हिशेब मी करायला घेतला आणि ठेवून दिला.

तुम्ही चाळीस दिवस तिथंच राहणार आहात असं कळलं. बरं झालं. मी कधी यायचं ते कुणी लिहिलेलं नाही आणि मी विचारलेलं नाही.

पत्राच्या तळाशी मात्र एक ओळ निराळ्या शाईत होती. अक्षर गौराचं. “गोजाबाई विचारतात, अक्का जेवते का. त्यांनी लिहायला सांगितलं म्हणून लिहिलं.”

तुम्ही सांगितलंत की नाही, मला ठाऊक नाही. पण विचारलं आहे, तर खरं लिहिते. नाही. रुद्रप्पांची ‘मुलगी झाली’ एवढीच तार येईपर्यंत दोन दिवस घशाखाली काही गेलं नाही, आणि तार आल्यावरही नाही. भावजयीला मी पोट बिघडलंय म्हणून सांगितलं, ते खोटं होतं. आत्ताच तिला जाऊन तसं सांगून आले. तिनं ताटात भाकरी वाढली, वर लोणी ठेवलं आणि माझ्यासमोर बसून राहिली आहे. पत्र संपवा आणि जेवा, म्हणते.

चंद्रव्वा